मांडवांतील जुनीं भांडीं

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली या गांवांतील मंगलकार्यालयांत गेल्या कांहीं वर्षांत ज्यांनीं लग्नें पाहिलीं असतील, त्यांच्या ध्यानांत एक पालट सहज आला असेल. बोहल्यामागील थर्माकोलचा महाल नाहींसा होत चालला असून त्याच्या जागीं पितळेचें घंगाळ, तांब्याचा बंब, कंदील, पत्र्याची जुनी ट्रंक, कर्ण्याचा ग्रामोफोन आणि क्वचित् एखादी काळी सायकलसुद्धां येऊन बसली आहे. घंगाळांत पाणी व पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या, बंबाच्या गळ्यांत झेंडूची माळ, ट्रंकेवर निशिगंधाचे दांडे आणि मागें पडद्याऐवजीं सोडलेली एखादी जरीकांठी साडी, असा तो सारा थाट असतो. निमंत्रणपत्रिकाहि त्याला साजेशी येते: चहाच्या पाण्यांत बुडवून पिवळट केलेल्या कागदाची गुंडाळी, तिला लाल दोरा, आणि आंत पेशवाई वळणाचा मजकूर.

या पालटाचें थोडें श्रेय सरकारास दिलें पाहिजे. २०१८ सालीं महाराष्ट्रांत प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरहि बंदी आली आणि मखरें करणाऱ्या मंडळींस दुसरा मार्ग शोधणें भाग पडलें. थोडें श्रेय डोंबिवलीस आहे. तेथें १९९९ सालापासून गुढीपाडव्याच्या दिवशीं नववर्ष स्वागतयात्रा निघूं लागली, तिचें अनुकरण गांवोगांव झालें, आणि नऊवारी लुगडें, नथ, फेटा हीं आजीच्या पेटींतील लेणीं तरुण मुलामुलींस पुन्हां आपलीं वाटूं लागलीं. सजावटकार या थाटाला 'व्हिंटेज' म्हणतात. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या तोडणीचा, आणि पुढें चांगल्या सालच्या मद्याचा. ज्या घंगाळांत आमच्या आजोबांनीं सोंवळ्यानें स्नानाचें पाणी घेतलें, त्याला आतां हें नांव मिळावें, हा काळाचा विनोद म्हणावयाचा! असो. या हौसेला नांवें ठेवण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. थर्माकोलच्या महालापेक्षां पितळेचें घंगाळ शतपटीनें बरें. परंतु तें घंगाळ कोणाचें, आणि तेथें तें काय करीत आहे, हे दोन प्रश्न मात्र विचारण्याजोगे आहेत.

वाचकांनीं अशा एखाद्या मांडवांत गेल्यावर एक करून पाहावें. पाकळ्या जरा बाजूस सारून घंगाळाचा कांठ निरखावा. पुष्कळदां तेथें टिंबाटिंबांनीं कोरलेलीं अक्षरें सांपडतात. कोणाचें तरी नांव, आडनांवाचें आद्याक्षर, कोठें गांव, कोठें शके. लग्नांत, मुंजींत किंवा डोहाळजेवणांत आलेल्या भांड्यावर देणाराचें वा घेणाराचें नांव घालण्याची रीति आपल्यांत घरोघर होती. तिचें एक कारण अगदीं व्यवहाराचें होतें. मोठें कार्य निघालें म्हणजे शेजारपाजारचीं भांडीं एकत्र येत, आणि पंक्ती उठून भांडीं घांसलीं गेल्यावर कोणती परात कोणाच्या घरीं पोंचवावयाची, हें त्या अक्षरांवरूनच ठरे. पण आणखीहि एक गोष्ट त्या अक्षरांत आहे. ज्या बाईचें नांव सातबाराच्या उताऱ्यावर नव्हतें, घराच्या पाटीवर नव्हतें, मुलीच्या लग्नपत्रिकेंत निमंत्रकांतहि नव्हतें, तिचें नांव पातेल्याच्या कांठावर मात्र होतें. कित्येक घरांत पणजीचें नांव काय, हें आज केवळ एखाद्या कळशीवरून कळतें. भाड्यानें आणलेल्या घंगाळावर तसेंच कोणाच्या तरी पणजीचें नांव असतें. तें बोहल्याशेजारीं दिवसभर उभें राहतें, आणि वधूपक्षाचें तें कोणी नसतें, वरपक्षाचेंहि नसतें.

हीं भांडीं येतात कोठून? कल्याणांत पारनाक्याच्या आणि टिळक चौकाच्या बाजूस पूर्वीं वाडे होते, कांहीं अजून आहेत. ठाण्यांत नौपाड्यास दुमजली घरें होतीं, डोंबिवलींत रामनगर-टिळकनगरास चाळी व बैठीं घरें होतीं. त्यांच्या जागीं इमारती आल्या, आणि पहिल्या इमारती जुन्या होऊन आतां त्यांचाहि पुनर्विकास चालला आहे. घर रिकामें करावयाचें म्हणजे दोन-तीन वर्षें भाड्याच्या जागेंत काढावयाचीं. तेथें माळा नाहीं, न्हाणीघर नाहीं, गच्ची नाहीं. बंबाला कोळसे कोठले? हंड्याला चूल कोठली? कल्हईवाला दारावर येईनासा झाला, त्यामुळें पितळेचें पातेलें स्वयंपाकाच्या उपयोगाचें राहिलें नाहीं. मग एके दिवशीं सारें पोत्यांत भरून मोडीच्या दुकानीं जातें. मोडींत वजनाचा भाव मिळतो, घडणावळीचा मिळत नाहीं. तांबटानें ठोक्यावर ठोका देऊन ज्या घंगाळाला आकार दिला, त्याची आणि फुटक्या नळाची किंमत तराजूच्या दृष्टीनें सारखीच. तेथून कांहीं माल भट्टींत जातो, कांहीं निवडून मुंबईच्या चोरबाजारासारख्या ठिकाणीं जातो, आणि त्यांतलाच कांहीं सजावटकाराच्या गोदामांत येऊन पोंचतो. ज्या घरानें वडील पिढीच्या हयातींत बंब वजनावर विकला, त्याच घराला नातीच्या लग्नांत तसला बंब दिवसाच्या भाड्यानें आणावा लागतो. यांत सजावटकाराचा कांहीं दोष नाहीं. त्यानें निदान तें भांडें भट्टींतून वांचविलें.

असें वांचविण्याचें काम ज्यांनीं जन्मभर केलें, त्या पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांचें स्मरण येथें होणें साहजिक आहे. 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनीं दिवे, अडकित्ते, दौती, फण्या, स्वयंपाकाचीं भांडीं, दारें, खिडक्या अशा ज्या वस्तू लोक टाकून देत होते, त्या गांवोगांव हिंडून जमविल्या, आणि बालपणींच वारलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नांवानें त्यांचें संग्रहालय उभारलें. १९७५ सालीं तो सारा संग्रह त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. शुक्रवार पेठेंतील तें संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला आपल्या माळ्यावरचा अडकित्ता विकवत नाहीं, असा माझा अनुभव आहे. लग्नाची तयारी करणाऱ्यांनीं सजावटीच्या चित्रांचे अल्बम चाळण्यापूर्वीं तेथें एक दुपार काढावी.

आतां दुसरा प्रश्न. तें घंगाळ तेथें करीत काय आहे? याचें उत्तर बहुधा 'कांहीं नाहीं' असें येतें, आणि मला खटकतें तें हेंच. कारण आपल्या विवाहविधींत जुन्या वस्तूंना मुळांतच इतकीं कामें नेमून दिलेलीं आहेत, कीं नुसतें शोभेसाठीं कोणाला बोलवावयाची गरजच पडूं नये. मुहूर्त करतांना जात्याला आणि मुसळाला आंब्याचीं पानें बांधावयाचीं व पांच सुवासिनींनीं हात लावून हळद कुटावयाची. गौरीहराच्या चार कोपऱ्यांस रंगविलेल्या बोळक्यांच्या उतरंडी रचावयाच्या, मध्यें माहेरची अन्नपूर्णा ठेवावयाची, आणि पिवळी अष्टपुत्री नेसून वधूनें तेथें पूजेस बसावयाचें. उतरंड, लांकडी देव्हारा, पिवळें वस्त्र, पितळेची मूर्ति आणि समईचा उजेड! कोणत्या सजावटकाराला याहून सुंदर देखावा सुचणार आहे? पण होतें काय, कीं हा गौरीहर कार्यालयाच्या एका आंतल्या खोलींत, नळीच्या दिव्याखालीं, बॅगांच्या ढिगाशेजारीं मांडलेला असतो, आणि बाहेर हजारों रुपये मोजून ग्रामोफोन उभा केलेला असतो. ग्रामोफोन खुशाल ठेवावा, पण आजोबांच्या ध्वनिमुद्रिका शोधून काढून तो वाजवावा तरी! गौरीहराला बाहेर, पाहुण्यांच्या दृष्टीस पडेल अशी जागा द्यावी, मागें साधी पांढरी भिंत किंवा एकरंगी लुगडें असावें, आणि विजेचे दिवे तेथें मंद करावे. सजावटीचा निम्मा खर्च येथेंच वांचतो.

घंगाळाचें तर खास काम आहे. पूर्वीं लग्नाच्या दिवशीं सूर्योदयाबरोबर पाण्यानें भरलेल्या घंगाळांत घटिकापात्र सोडीत. घटिकापात्र म्हणजे तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. सूर्यसिद्धान्तांत तिचें वर्णन आहे: स्वच्छ पाण्याच्या कुंडांत ठेवली असतां ती एका अहोरात्रांत साठ वेळां बुडते. म्हणजे एक बुडी चोवीस मिनिटांची, आणि हीच घटका. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार या वाटीच्या भरण्यावरूनच आला. एक जाणता माणूस तिच्याजवळ नेमलेला असे. वाटी बुडाली कीं तो ती काढून पुन्हां तरंगत ठेवी आणि किती झाल्या त्याची खूण करी. मुहूर्ताचा सारा भरंवसा त्या माणसावर. भास्कराचार्यांच्या लीलावतीची दंतकथा अनेकांस ठाऊक असेल. मुलगी घटिकापात्रांत डोकावून पाहूं लागली, तिच्या अंगावरील मोतीं निसटून छिद्रावर बसलें, वाटी बुडेना आणि मुहूर्त टळला. ही कथा अकबराच्या पदरच्या फैजीनें १५८७ सालीं लीलावतीचें फारसी भाषांतर केलें त्यांत येते. मूळ ग्रंथ ११५० चा, तेव्हां कथेच्या खरेपणाविषयीं ज्यानें त्यानें ठरवावें. परंतु लग्नघरांत त्या वाटीकडे लोक किती एकाग्रतेनें पाहत असतील, हें त्या कथेवरून कळतें.

आज मुहूर्त मनगटावरील घड्याळावर लागतो आणि तो तसाच लागावा. तरीहि घंगाळ आणलेंच आहे, तर त्यांत घटिकापात्र सोडावें असें मी सुचवितों. पातळ पत्र्याची तांब्याची वाटी घेऊन तिच्या तळाला छिद्र पाडावें आणि घरीं घड्याळ लावून पारखावें. छिद्र आधीं अगदीं बारीक पाडावें. तें मागाहून मोठें करतां येतें, लहान करतां येत नाहीं. पाण्यांत पाकळ्या मात्र टाकूं नयेत, कारण वाटीच्या तळाला पाकळी चिकटली तर लीलावतीची गत व्हावयाची. घंगाळापाशीं घरांतील दोन मोठीं मुलें बसवावीं आणि प्रत्येक घटकेला त्यांनीं लहानशी घंटा वाजवावी. ज्या मुलांना एरवीं मोबाइलवरून मान वर करण्यास सांगावें लागतें, त्यांना येथून उठवावें लागेल.

समईबद्दल दोन शब्द. मांडवांत उभी केलेली समई पेटलेली असावी, आणि पेटलेली म्हणजे तेलवातीनें. विजेची डुगडुगणारी ज्योत बसविलेली समई पाहून मला पेंढा भरलेला मोर आठवतो. वरचे पंखे ज्योत टिकूं देत नाहींत ही तक्रार खरी आहे, म्हणून जागा आधीं पाहावी. कोपऱ्यांत, भिंतीच्या आडोशानें, पदर आणि लहान मुलें यांच्या वाटेपासून दूर. शेजारीं एक मोठें माणूस लक्ष ठेवण्यास असावें. घांसण्याला चिंच व मीठ पुरेसें आहे, किंवा ठाण्याच्याच कारखानदारानें बाजारांत आणलेली पितांबरीची भुकटी घ्यावी. बारीक नक्षीचें जुनें काम असेल तर तारेच्या घासणीला हात लावूं नये. आणि हौसेनें कोणी पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांतून ताक-कढी वाढणार असेल, तर आधीं कल्हई झाली आहे ना, हें डोळ्यांनीं पाहून घ्यावें. कळकलेलें ताक पाहुण्यांच्या पोटांत गेल्यावर सजावटीचें कौतुक कोणी करणार नाहीं.

फुलांच्या बाबतींत 'जुनें' म्हणजे काय, हा प्रश्न मोठा गंमतीचा आहे. जुन्या थाटाची म्हणून जी सजावट होते, तिच्यांत मुख्य भरणा झेंडूचा आणि निशिगंधाचा. हीं दोन्ही झाडें मूळचीं मेक्सिकोकडचीं. युरोपीय लोकांच्या जहाजांबरोबर तीं आपल्याकडे आलीं. शेवंती चीनकडची. अमरकोशांत झेंडूला शोधूं जाल तर सांपडणार नाहीं. तेथें सांपडतात जाती, यूथिका, मल्लिका, चंपक, बकुल, केतकी, म्हणजे आपलीं जाई, जुई, मोगरा, चाफा, बकुळ आणि केवडा. म्हणून झेंडू टाकावा असें मी म्हणत नाहीं. शेंकडों वर्षें दसऱ्याच्या तोरणांत राहिलेलें फूल आतां आपलेंच झालें आहे. पण जुन्याचा अभिमान धरणाऱ्यांनीं मोगऱ्याला विसरूं नये, इतकेंच.

ऋतूप्रमाणें फूल घेतलें कीं तें स्वस्तहि मिळतें आणि टिकतेंहि. तुळशीच्या लग्नानंतर मार्गशीर्षांत कार्य असेल तर शेवंती उत्तम. चैत्र-वैशाखांत मोगऱ्याशिवाय दुसऱ्या फुलाचें नांव घेऊं नये. पालघरकडे विक्रमगडच्या बाजूस मोगऱ्याची आणि वसईस सोनचाफ्याची लागवड आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा झाला, तोंपर्यंत हे दोन्ही तालुके ठाणें जिल्ह्यांतच होते, तेव्हां हीं फुलें आपल्या घरचींच म्हणावयाचीं. ज्यांना घाऊक घ्यावयाचीं असतील त्यांनीं कल्याणला बाजारसमितीचा फुलबाजार किंवा दादरचा बाजार पहांटेसच गांठावा. थोडीं हवीं असतील तर ठाण्यास जांभळी नाक्यावर सोय होते. मोगरा कळींत घेतात आणि तो संध्याकाळीं उमलतो. सकाळचा मुहूर्त असल्यास कळ्यांची जाळी करून गौरीहरावर सोडावी, म्हणजे सायंकाळच्या स्वागतसमारंभास तीच जाळी फुललेली मिळते. ओल्या पातळ फडक्यांत, केळीच्या पानावर पसरून ठेवाव्या, पिशवींत कोंबूं नयेत. सोनचाफ्याला हाताळणें सोसत नाहीं, लागलीच काळवंडतो. तो सर्वांत शेवटीं मांडावा आणि थोडा मांडावा, तबकांत पांच-सात फुलें फार झालीं. प्राजक्ताचा मोह नको, उन्हें वर येईपर्यंतसुद्धां तो टिकत नाहीं. बकुळीचें मात्र सगळेंच उलटें. ती सुकल्यावरहि दरवळत राहते. बकुळीचीं चार सुकलेलीं फुलें निमंत्रणपत्रिकेच्या लिफाफ्यांत घालून पाठविलीं, तर उघडणाराला अक्षरें वाचण्याआधीं लग्नघराचा वास येतो. चहांत बुडविलेल्या कागदाला हें साधावयाचें नाहीं.

पत्रिकेविषयीं थोडें विस्तारानें लिहावें लागेल, कारण शाळेंतून निवृत्त झाल्यापासून शेजारपाजारच्या बऱ्याच पत्रिका मुद्रणापूर्वीं माझ्याकडे तपासण्यास येतात. पूर्वीं निमंत्रण म्हणजे अक्षत. पहिली ग्रामदैवताला, गणपतीला. मग वडील माणसांनीं कुंकू-अक्षता घेऊन घरोघर जावयाचें. छापील पत्रिका आली ती माणसें दूर गेलीं म्हणून. आपल्या भागाचा इतिहास पाहिला तर १८५४ हें एकच साल त्याला पुरेसें आहे. त्या वर्षीं १ मे रोजीं ठाण्याची आगगाडी कल्याणपर्यंत पोंचली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरपासून अर्ध्या आण्याच्या तिकिटावर देशांत कोठेंहि पत्र जाऊं लागलें. नोकरीसाठीं माणसें आगगाडीनें बाहेर पडलीं आणि त्यांच्यामागून निमंत्रणें टपालानें जाऊं लागलीं. मुंबईंत गणपत कृष्णाजींचा शिळाछापखाना त्याच्या कितीतरी आधीं, १८३१ सालीं, निघाला होता. पुढें १८६९ सालीं जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना सुरू झाला, आणि त्याच्या खिळ्यांच्या वळणदार अक्षरांनीं मराठी माणसाच्या डोळ्यांना चांगल्या छपाईची चटक लावली. जुनी पत्रिका आठवावी: पिवळा किंवा गुलाबी कागद, लाल शाई, वर गणपतीचा ठसा, कुलदैवताचें नांव, शके, मिति, वार, आणि चारी कोपऱ्यांना कुंकवाचें बोट.

या कोपऱ्यांचेंच मुख्य सांगणें आहे. हल्लींच्या खलित्याच्या नकलेंत कागदाच्या कडा मेणबत्तीवर जाळतात, कोपरे फाडतात, कां तर तो जुना दिसावा. आपल्या घरांत अशुभ वर्तमानाच्या कार्डाचा कोपरा फाडून पाठविण्याची चाल होती. टपालवाल्यानें कोपरा फाटलेलें कार्ड हातीं दिलें कीं वाचण्यापूर्वींच घरांत रडारड सुरू होई. ज्यांनीं तीं कार्डें घेतलीं, तीं ऐंशी-नव्वदीचीं माणसें अजून आपल्यांत आहेत. त्यांच्या हातीं नातवाच्या लग्नाचें निमंत्रण जळक्या कडांचें आणि फाटक्या कोपऱ्यांचें द्यावयाचें, याला काय म्हणावें? कोपऱ्याला कुंकू लावतात तें ह्या दुसऱ्या कागदापासून पहिला वेगळा ओळखावा म्हणून, असेंच मी समजतों.

मजकुरांतील चुका नेहमींच्याच आहेत, तरी सांगतों. लग्न लागेपर्यंत वधू 'चि. सौ. कां.', म्हणजे सौभाग्यकांक्षिणी. तिला आधींच 'सौ.' करूं नये. 'आशीर्वाद' यांतील शी दीर्घ. संगणकावर जुळणी करणारे 'शुद्ध' चें 'शुध्द' आणि 'सिद्धि' चें 'सिध्दि' करतात. द् आधीं आणि ध मागून, हें सांगून सांगून माझा घसा बसला. शकाचा हिशेब गुढीपाडव्यानंतर इसवी सनांतून ७८ वजा करून, आणि पाडव्यापूर्वीं ७९ वजा करून करावा. माघ-फाल्गुनांतील पत्रिकांत ही चूक हटकून असते. 'राजमान्य राजेश्री' हें पुरुषाच्या नांवामागें लावण्याचें, अख्ख्या कुटुंबाच्या नव्हे. वधूवरांचीं नांवें मोडी लिपींत छापण्याचीहि आतां हौस आहे. भांडीं मोडींत गेलीं आणि मोडी पत्रिकेंत आली! ती यावी, पण मोडी वाचणाऱ्या जाणत्याला एकदां दाखवून, नाहींतर वराचें नांव भलतेंच व्हावयाचें.

एवढें जुन्याच्या बाजूनें बोलल्यावर उलट बाजूहि सांगितली पाहिजे. कालिदासानें मालविकाग्निमित्राच्या प्रारंभीं सूत्रधाराकडून वदविलेंच आहे कीं एखादी गोष्ट जुनी आहे एवढ्यावरून ती चांगली ठरत नाहीं. जुन्या दांपत्यांचीं पिंगट छायाचित्रें चौकटींत घालून मांडवांत लावतात. तीं पाहतांना त्यांतील वधूचें वय पाहावें. कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुनेचें लग्न १८७४ सालीं झालें, तेव्हां ती अवघी नऊ वर्षांची होती. हीच पुढें अमेरिकेंत जाऊन १८८६ सालीं डॉक्टर झालेली आनंदीबाई जोशी. १८८७ च्या फेब्रुवारींत ती वारली, तेव्हां तिला बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. ज्या गांवांत ती वाढली, त्या गांवच्या मांडवांत 'जुन्या काळचीं लग्नें किती गोड' असें म्हणतांना जीभ थोडी आवरावी. पत्रिकेंत आज वधूच्या आणि वराच्या आईचें नांव येतें. जुन्या नमुन्याची नक्कल करण्याच्या भरांत तें गाळूं नये. जुन्या नमुन्यांत तें नसे, आणि तो त्या नमुन्याचा दोष होता.

याहून एक गोष्ट मनाला लागते. मांडवांत आजीची पैठणी दांडीवर मानानें पसरलेली असते, आजीचें पानदान चौरंगावर असतें, आजीची समई फुलांत असते. आणि खुद्द आजी, ती विधवा असली तर, मागच्या रांगेंत खुर्चीवर बसलेली असते. ओटी भरण्यास तिला बोलावीत नाहींत, हळद लावण्यास बोलावीत नाहींत. तीहि बिचारी पुढें होत नाहीं. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामपंचायतीनें मे २०२२ मध्यें विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्यसरकारनें इतर गांवांनींहि तसें करावें म्हणून परिपत्रक काढलें. शिरोळ तालुक्यांतील एका खेड्याला जें सुचलें, तें वाचनालयें नि व्याख्यानमाला यांनीं गजबजलेल्या आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांना अजून जड जावें, हें बरें दिसत नाहीं. ज्या घरांत पैठणी मांडण्याचा बेत असेल, तेथें पैठणीच्या मालकिणीनें नातीला पहिली हळद लावावी, आणि समईची पहिली वात तिच्याच हातून लागावी. गुरुजींची संमति आधीं विचारून ठेवावी. बहुतेक गुरुजी हरकत घेत नाहींत, घेतात ते नातेवाईक.

आतां ज्यांचें घर पुनर्विकासाला निघालें आहे, त्यांच्यासाठीं थोडें व्यवहाराचें. पोतीं भरण्यापूर्वीं सारीं भांडीं एकदां अंगणांत किंवा गच्चींत मांडावीं आणि घरांतील सर्वांत वृद्ध बाईला खुर्ची देऊन शेजारीं बसवावें. कोणतें भांडें कोणाचें, कोणत्या कार्यांत आलें, तें ती सांगत जाईल, आणि एका मुलानें तें वहींत लिहून घ्यावें. कांठावरील अक्षरें पुसट असतील तर त्यांवर थोडें ओलें पीठ चोळून पुसावें, म्हणजे टिंबांत पीठ राहून नांव वाचतां येतें. सारेंच ठेवणें कोणालाहि शक्य नाहीं. नांव असलेलीं चार भांडीं, एक समई, अन्नपूर्णा आणि जमल्यास घंगाळ एवढें पुष्कळ झालें. भावंडांत वांटणी करावी, आणि एकाच्या घरीं कार्य निघालें कीं बाकीच्यांनीं आपापलें भांडें घेऊन यावें. भाडें पडत नाहीं. नव्या जोडप्याला भांडें द्यावयाचें असेल तर त्यावर नांव घालून द्यावें. भांडीबाजारांत विचारलें तर यंत्रानें नांव घालून देणारा अजून मिळतो. नांव कांठावर बाहेरच्या अंगाला घालावें, तळाला घातलेलें घांसून जातें. वधूचें नांव पुरें घालावें, नुसतीं आद्याक्षरें नकोत, आणि खालीं शके.